कापसाच्या मुलखात नटाचा पेशा का रुजला नाही

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृतातले नाटक लिहिले. त्यात भैरवानंद नावाचा मांत्रिक राजाला विचारतो, कोणता चमत्कार करून दाखवू? तेव्हा विदूषक दक्षिणेतल्या वच्छोम नगराचे नाव घेतो आणि तिथे पाहिलेल्या एका रूपवतीला इथे आणून दाखवा म्हणतो. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आजचे वाशीम. मंत्राच्या जोरावर ती मुलगी नुकती न्हालेली तशीच दरबारात येऊन उभी राहते आणि नाटकाची नायिका होते. याच राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही वत्सगुल्मात, आणि या प्रदेशाच्या वाट्याला त्याने गाण्यानाचण्याने नटलेली कैशिकी वृत्ती दिली. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती आणि इथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले होते, तेव्हा राजशेखराने हे नगर हवेतून उचललेले नाही. रसिकतेची ख्याती त्याच्या काळापर्यंत टिकून असणार. असा वारसा असलेल्या मुलखात, मराठी रंगभूमीवर अभिनय हा पोटापाण्याचा आणि नावलौकिकाचा व्यवसाय झाला त्या काळात, नटाचा पेशा का रुजला नाही? वऱ्हाडात राहून, वऱ्हाडी बोलून, अभिनयावर घर चालवणारा माणूस वाशीमच्या इतिहासात ठळकपणे का दिसत नाही? गुण नव्हते म्हणून, किंवा मागासलेपणामुळे, ही दोन उत्तरे चटकन दिली जातात. मला ती दोन्ही चुकीची वाटतात. खरे कारण कापसाच्या व्यवहारात आहे: पैसा कोणाच्या हाती आला, कोणत्या महिन्यांत आला आणि करमणुकीसाठी तो कोणाला दिला गेला, यात आहे. पुढे सिनेमाला आणि दूरचित्रवाणीला ही पोकळी तयारच मिळाली.

गुणांचा प्रश्न आधी निकालात काढू. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत सादरीकरणाच्या परंपरा कमी नव्हत्या. दिवाळीनंतर गावच्या चौकात रंगणारी दंडार ही त्यांतली सर्वांत नाट्यमय. ना पडदा, ना मंच. ढोलकी आणि झांजेच्या साथीने सोंगे येतात, बायकांची सोंगे पुरुषच घेतात, रामायणातला प्रसंग चालू असता असता मध्येच गावच्या पाटलाची फिरकी घेतली जाते. गोंधळी आख्यान लावताना एकाच गळ्यातून चार पात्रे बोलवतो. बहुरूपी तर पोलीस, डॉक्टर, साधू बनून घरोघर हिंडतो आणि ज्याच्या दारात उभा आहे त्यालाही क्षणभर चकवतो. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. त्या उत्स्फूर्त यमकांत आणि समोरच्याला दिलेल्या टोल्यात जो टायमिंगचा अंदाज लागतो तो कुठल्याही विनोदी नटाने हेवा करावा असा असतो. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीसारखे क्षेत्र. त्या समाजाची होळीची लेंगी गीते आणि नाच हे आणखी एक स्वतंत्र भांडार. वाशीमचे बालाजी मंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून पूजले जाणारे कारंजा, अशा ठिकाणी गर्दी जमायची आणि गर्दी जमली की कलावंत यायचेच.

मात्र या साऱ्या परंपरांची बिदागीची रीत पाहावी लागते. दंडारीत सीता झालेला माणूस सकाळी औतावर असे. त्याला मिळायचे ते जेवण, धान्य, कोणाच्या घरून एखादे धोतर आणि गावाची शाबासकी. बहुरूपी आणि गोंधळी यांना पसा-पायली मिळे, पण ती जातीने चालत आलेल्या हक्काची. अमक्याचा अभिनय तमक्यापेक्षा सरस म्हणून त्याला दुप्पट धान्य, असा हिशोब तिथे नव्हता. या रीतीत मोठेपणा आहे. कला कोणाच्या मालकीची नाही, ती गावाची आहे, असे ही रीत सांगते, आणि वर्षातून चार रात्री गडीमाणूसही राजा होतो. पण नटाचे नाव गावाच्या शिवेबाहेर जात नाही, वयाबरोबर त्याची कमाई वाढत नाही, आणि ‘मी नट आहे’ असे म्हणून त्याला सोयरीक जुळवता येत नाही. पेशा उभा राहायला कौशल्य लागते, पण त्याहून आधी लागतो तो तिकीट काढणारा अनोळखी प्रेक्षक. ओळखीच्या माणसांसमोर नाचणे हा गावचा रिवाज झाला. अनोळखी माणसाने खिशातून पैसे काढून आपल्याला बघायला येणे, तिथून नटाचा इतिहास सुरू होतो.

असा अनोळखी, पैसेवाला प्रेक्षक वऱ्हाडात निर्माण झाला तो कापसाने. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाचे स्थान या व्यवहारात अव्वल होते: 1886 मध्ये तिथला कापूसबाजार नियमाखाली आणला गेला आणि तो भारतातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीवर कारंजा हे स्थानक झाले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्ये, दलाल, सावकार, वकील, मामलेदार असा एक वर्ग तयार झाला. त्याच्या हातात रोख होती, संध्याकाळ मोकळी होती आणि पुण्या-मुंबईच्या चालीरीतींची ओढ होती.

या वर्गाने नाटकावर जीव टाकला, हे नि:संशय. 1905 मध्ये मुंबईला पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. वकील, टिळकांचे साथीदार आणि रंगभूमीचे मोठे चाहते. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ लिहिले. 1913 मध्ये ते ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि केशवराव भोसले यांच्या कामाने ते गाजले. जोशींचेच ‘रणदुंदुभि’ 1927 मध्ये बलवंत संगीत मंडळीने केले, त्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर होते. ही नावे शेजारीशेजारी ठेवून पाहिली की चित्र स्वच्छ होते. अध्यक्ष वऱ्हाडचा, नाटककार वऱ्हाडचा, प्रेक्षक आणि पैसा वऱ्हाडचा. नट मात्र एक कोल्हापूरचा, दुसरा गोव्याचा. कंपन्या हंगामात यायच्या, मुक्काम ठोकायच्या, गल्ला बांधून पुढच्या गावी जायच्या. शहरातल्या कापूसवाल्याला करमणूक बाहेरून विकत मिळत होती, तेव्हा त्याला दंडारीतल्या सीतेला तालीम देण्याची, तिच्यासाठी मांडव उभारण्याची आणि त्यावर तिकीट लावण्याची गरजच पडली नाही. त्याच्या लेखी दंडार हे शेतावरच्या माणसांचे खेळणे होते. गावातला नट आणि शहरातला रसिक एकाच तालुक्यात राहत होते, पण त्यांची गाठ रंगभूमीवर पडली नाही. त्यातच 1905 मध्ये इंग्रजांनी वाशीम जिल्हाच मोडला. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यासोबत वकील-अंमलदारांचा तो प्रेक्षकही पांगला. जिल्हा परत मिळाला तो 1 जुलै 1998 रोजी, म्हणजे 93 वर्षांनी. वाशीम शहरात रेल्वे पोचली तीसुद्धा स्वातंत्र्यानंतर. जिल्हा मोडला तेव्हापासून रेल्वे येईपर्यंतच्या मधल्या काळातच नाटक कंपन्यांचा सुवर्णकाळ होऊन गेला.

मग सिनेमा आला. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची सुरुवात करून दिली आणि पाहता पाहता फिरत्या कंपन्या बसल्या. पण बोलपटांनी नट आणले कुठून? त्याच कंपन्यांतून. ‘अयोध्येचा राजा’चे नायक गोविंदराव टेंबे हे संगीत रंगभूमीवरचेच. ज्या प्रदेशाने कंपन्या घडवल्या होत्या त्याचे नट प्रभातसारख्या चित्रपटसंस्थांच्या स्टुडिओत गेले; ज्याने कंपन्यांना फक्त पोसले होते त्याच्याकडे पाठवायला कोणी नव्हते. वऱ्हाडात जन्मलेला सर्वांत नामवंत चित्रपट-नट कोण, असे विचारले तर भगवानदादांचे नाव घ्यावे लागते. भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 चा, अमरावतीचा. पण वडील मुंबईच्या कापडगिरणीत कामगार होते आणि भगवानदादा वाढले ते गिरणगावात. वऱ्हाडचा कापूस जिथे जात होता तिथेच हा नट घडला. मूकपटांतल्या बारीक भूमिका, मग स्टंटपट, 1938 च्या ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनात सहभाग, 1942 मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वत:ची संस्था, पुढे चेंबूरला स्टुडिओ, आणि 1951 मध्ये गीता बालीसोबतचा ‘अलबेला’, ज्याला सी. रामचंद्रांचे संगीत होते. त्यांच्या त्या सैल, खांद्यातून सुटणाऱ्या नाचाची छाप पुढच्या दोन पिढ्यांच्या नायकांवर पडली. नंतर पैसा गेला, जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादरच्या चाळीत 4 फेब्रुवारी 2002 रोजी ते वारले. 2016 मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, त्यात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.

भगवानदादा वऱ्हाडचे, म्हणून वऱ्हाडनेही नट दिला, असे कोणी म्हणेल. अभिमान जरूर बाळगावा. पण माझ्या प्रश्नाला ते उत्तर नाही. त्यांच्या घडणीत वऱ्हाडच्या कोणत्याही रंगमंचाचा हात नव्हता, त्यांच्या पडद्यावरच्या बोलण्यात वऱ्हाडी नव्हती, आणि त्यांच्या यशाने अकोल्या-वाशीमच्या एखाद्या पोरासाठी वाट पडली नाही. एक माणूस निसटून मोठा होणे आणि एखाद्या प्रदेशात पेशा रुजणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसऱ्या उत्तराकडे, मागासलेपणाकडे. रस्ते नव्हते, शाळा नव्हत्या, गरिबी होती, म्हणून कला व्यवसाय झाली नाही, हे म्हणणे फार रूढ आहे. ते खोडून काढायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली झाडीपट्टी वाशीमपेक्षा संपन्न कधीच नव्हती. जंगल जास्त, बाजार छोटे, दळणवळण अवघड. दंडार तिथेही होती, तिच्या जोडीला खडी गंमत होती. आणि याच झाडीपट्टीत आज महाराष्ट्रातली सर्वांत जिवंत अशी तिकिटाची रंगभूमी उभी आहे. वडसा-देसाईगंज हे तिचे ठाणे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या किंवा मंडईच्या जत्रेच्या निमित्ताने गावचे मंडळ एखाद्या कंपनीचा प्रयोग ठरावीक रकमेला घेते, तंबू ठोकते, तिकिटे विकते, आणि नाटक रात्रभर चालते. नट स्थानिक, बोली बरीचशी स्थानिक, लेखक स्थानिक. मुंबई-पुण्याचे कलावंत तिथे भूमिका करायला जातात, ही उलटी वाहणारी गंगा अन्यत्र दिसत नाही. हजारो प्रयोग केलेले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. गरिबीत हे सगळे शक्य झाले असेल तर वाशीमच्या बाबतीत गरिबीला दोष देता येणार नाही. रेल्वेलाही नाही, वडसा हे गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरचे स्थानक आहे आणि कारंजाप्रमाणे तिथेही पूर्वी छोटीच गाडी होती. गाडी माणसे आणते तशी नेते. गावाने तिच्यातून काय उतरवून घेतले, हे महत्त्वाचे.

झाडीपट्टी आणि वऱ्हाड यांच्यातला फरक पिकात आहे, असे मला वाटते. धान एकदा कापून, मळून घरात आले की शेतकरी मोकळा होतो. अख्ख्या गावाची सवड एकाच वेळी येते, हातात धान्य असते, आणि थंडीच्या रात्री लांब असतात. कापसाचे तसे नाही. पहिल्या वेचणीला सीतादहीचा विधी करून जे काम सुरू होते ते तीन-चार वेच्यांनी माघ-फाल्गुनापर्यंत रेंगाळते. झाडीपट्टीचे तंबू भरतात त्याच महिन्यांत वऱ्हाडातल्या बाया पहाटेपासून शेतात वाकलेल्या असतात, गडी गाड्या भरून बाजारात रात्र काढत असतात. कापसाचा पैसा येतो तोही एकदम नाही आणि बहुतेकदा आधीच सावकाराच्या वहीत चढलेला. सवड आणि रोकड गावाला एकाच वेळी मिळाली नाही. मिळाली ती अडत्याला आणि जिनवाल्याला. म्हणजे तिकीट काढू शकणारा माणूस शहरात होता आणि नाचू शकणारा माणूस शेतात. झाडीपट्टीत मोठा कापूसबाजार नव्हता, म्हणून मोठ्या कंपन्यांना आकर्षण नव्हते, आणि बाहेरचे कोणी येत नाही म्हणून गावांनी आपले नाटक आपणच उभे केले. समृद्धीच्या अभावाने तिथल्या नटाला संरक्षण दिले, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. पण पुरावा त्याच दिशेला जातो.

यावर सर्वांत वजनदार हरकत खानदेशाची आहे. तिथेही कापूस, तिथेही वेचणी, आणि तरी तिथे तमाशाचे फड नांदले. मग पिकाचा सिद्धांत कसा टिकणार? हरकत योग्य आहे, आणि तिच्यामुळे माझे म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते: पीक हे एकटे कारण नाही. पण तमाशाची रचना पाहा. फड हा पिढीजात कलावंतांचा, बाराही महिने त्याच धंद्यात असलेला, जत्रा-जत्रांवरून फिरणारा. नारायणगावला सुपाऱ्या ठरणार आणि फड दूरदूर जाणार. त्याला गावच्या शेतमजुराच्या सवडीची गरज नाही, फक्त जत्रेच्या एका रात्रीची आहे. म्हणूनच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव फडाच्या पाटीवर आले आणि घराघरांत पोचले. दंडार उलट शेतकरी-मजुरांचीच कला. ती शेताच्या वेळापत्रकातून सुटू शकत नाही. झाडीपट्टीत ती कला व्यवसायापर्यंत गेली, कारण वेळापत्रक अनुकूल होते. वऱ्हाडात ते प्रतिकूल होते आणि पर्याय बाहेरून येत होता. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा पेशाची वाट बंद झाली.

या बंद वाटेचा परिणाम भाषेवर झाला, आणि मला तो सर्वांत जास्त टोचतो. रंगभूमीवरचे मराठी ठरवले ते कंपन्यांनी, म्हणजे पुणे-सांगली-कोल्हापूर-मुंबईच्या नटांनी. वऱ्हाडी ही गंभीर प्रसंगातही बोलता येते, तिच्यात राग, शोक, प्रणय, पश्चात्ताप सारे मावते, हे दाखवायला मोठ्या मंचावर वऱ्हाडी नटच नव्हता. 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटासाठी अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी गीत लिहिले आणि वऱ्हाडच्या मातीचा वास महाराष्ट्रभर गेला, पडद्यावर मात्र रंजना आणि कुलदीप पवार होते. पुढे शेतकरी आत्महत्यांनी वऱ्हाड हादरला, 2006 मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वाशीम होते. त्या दु:खावरचा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ 2009 मध्ये आला. तो प्रामाणिक, मन लावून केलेला चित्रपट आहे आणि गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी यांनी त्यात उत्तम काम केले आहे. दोघेही पुण्याचे. त्यांचा यात काही दोष नाही. दुसऱ्याचे दु:ख आपलेसे करणे हाच नटाचा धर्म. तरी शंभर वर्षांपूर्वीची तीच वाटणी इथे पुन्हा दिसते: विषय वऱ्हाडचा, गीत वऱ्हाडचे, चेहरा दुसरीकडचा.

दूरचित्रवाणीने ही वाटणी थोडी हलवली. अमरावतीजवळच्या रहाटगावचे भारत गणेशपुरे ‘फू बाई फू’मधून आणि 2014 पासून ‘चला हवा येऊ द्या’मधून घरोघर पोचले ते आपली वऱ्हाडी न सोडता. नटाने बोली झाकली नाही, उलट तिच्याच बळावर नाव कमावले, ही मोठीच गोष्ट झाली आणि तिचे श्रेय त्यांना पुरेपूर दिले पाहिजे. पण वाहिन्यांनी त्या बोलीला जागा दिली ती विनोदाच्या खोलीत. वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतो. नायकाची आई, न्यायाधीश, प्रेमात हरलेला तरुण ही पात्रे वऱ्हाडीत बोलू लागतील तेव्हा ही बोली पडद्यावर खऱ्या अर्थाने नांदेल.

असे होऊ शकते याचा दाखला दूर कोरियात मिळतो. तिथेही सोलचे वर्चस्व मुंबईपेक्षा कमी नाही. आज जगभर ओळखले जाणारे सोंग कांग-हो हे दक्षिणेतल्या किम्हेचे, पण नाव झाले ते सोलच्या रंगभूमीवरून सिनेमात गेल्यावर. मात्र 2001 मध्ये क्वाक क्युंग-तेक या बुसानच्या दिग्दर्शकाने ‘फ्रेंड’ हा चित्रपट बुसानच्या ठसकेबाज बोलीत काढला. त्यात गुन्हेगार, मित्र, मरणारा नायक सगळे तीच बोली बोलतात आणि कोणी हसण्यासाठी बोलत नाही. त्या चित्रपटाने कोरियातले तोवरचे गर्दीचे उच्चांक मोडले. दुसरा दाखला लोकनाट्याचा. आनदोंगजवळच्या हाहवे गावात मुखवटे घालून शेतकरीच नाटक करत, वतनदारांची टर उडवत. दंडारीचे ते दूरचे भावंडच. 1928 नंतर ते बंद पडले. 1970 च्या दशकात, त्या शेवटच्या खेळात नवरीचे सोंग घेतलेल्या एका म्हाताऱ्याच्या आठवणीवरून ते पुन्हा उभे केले गेले. 1962 च्या वारसा कायद्याने कोरियाने अशा कलांचे धारक नावानिशी ठरवायला आणि त्यांना मानधन द्यायला सुरुवात केली होती. हाहवेच्या खेळाला ती मान्यता 1980 मध्ये मिळाली. पैसा आणि नाव दिल्याने लोककला बाटते, तिचे पावित्र्य जाते, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. ज्यांनी आयुष्यभर फुकट नाचावे असे आपल्याला वाटते त्यांना तो आक्षेप मान्य आहे का, हे आपण कधी विचारलेले नाही. पावित्र्य जपण्याचा सगळा खर्च दंडारीतल्या मजुराने सोसायचा, ही वाटणी न्याय्य नाही.

आणखी एक जण म्हणेल की वाशीमने लेखक दिलाच आहे की. शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, जिल्ह्यात राहूनच त्यांनी हे केले. मग नटालाच का जमू नये? कारण लेखकाला कागद पुरतो, नटाला माणसे लागतात. कांबळे यांचा वाचक पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात असू शकतो आणि पुस्तक त्याच्यापर्यंत टपालाने जाते. नटाचा प्रेक्षक नट उभा आहे त्या रात्री त्याच मांडवात असावा लागतो. या एका अटीमुळे नटाचा इतिहास हा नेहमी एखाद्या ठिकाणाच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास असतो.

आणि ती अर्थव्यवस्था आता पालटली आहे. गेल्या तीसेक वर्षांत वाशीम जिल्ह्यात सोयाबीनने कापसाला मागे सारले. आज जिल्ह्याची ओळख सोयाबीनचा जिल्हा अशीच आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते, मळणीयंत्रातून दोन दिवसांत पोत्यात जाते आणि एकदम विकले जाते. हरभरा पेरून झाला की डिसेंबरच्या रात्री मोकळ्या. म्हणजे शंभर वर्षे वऱ्हाडच्या नटाच्या आड आलेले वेळापत्रक आता धानाच्या मुलखासारखेच झाले आहे. तरीही तिकिटाची रंगभूमी उगवली नाही, यावरून माझा सिद्धांत फोल ठरतो का? नाही. सवड मोकळी झाली तेव्हा त्या सवडीत आधीच उपग्रह वाहिन्या येऊन बसल्या होत्या, त्यामागोमाग मोबाइल आला. वऱ्हाडी बोलीतले विनोदी व्हिडिओ करणारी पोरे आज गावोगाव आहेत आणि त्यांना नावही मिळते; पण तीन तासांचे पात्र उभे करायला तीन तास समोर बसणारा प्रेक्षक लागतो, तो मोबाइलवर घडत नाही. झाडीपट्टीतही वाहिन्या आहेत, मोबाइल आहेत, आणि तरी तंबू भरतात. तिथे सरकारी अनुदानावर कोणी थांबलेले नाही: गावच्या मंडळाने रक्कम उभी करायची, प्रयोग विकत घ्यायचा, तिकिटे लावायची, उरेल तो नफा मंदिराला किंवा शाळेला द्यायचा. रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या चार गावांनी मिळून हा व्यवहार एका डिसेंबरात करून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षी प्रयोग वडशाहून आणावा लागेल. दुसऱ्या वर्षी त्यात गावच्या दंडारीतली दोन माणसे ठरावीक मेहनतान्यावर घेता येतील, आणि जाहिरातीच्या पत्रकावर त्यांची नावे त्यांच्या गावासकट छापता येतील.